बेळगाव भागात बास फिशिंगसाठी सहा हजारांत कोणता रॉड आणि रील घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतले व्हिडिओ पाहून बास फिशिंगची ओढ लागली आहे, खिशात सहा हजार रुपये आहेत, बेटकास्टर घ्यावा की स्पिनिंग ते ठरत नाही, आणि बेळगावच्या आसपास बास नेमका कुठे मिळतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण कुठला मासा धरायचा हे ठरलं की सामान आपोआप ठरतं.

व्हिडिओत दिसतो तो लार्जमाउथ बास, मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्या घटप्रभेत, मलप्रभेत, मार्कंडेय नदीत किंवा दूधगंगेत तो नाही. त्याचा विक्रमी मासा दहा किलोच्या थोडा वरचा: एक १९३२ साली अमेरिकेच्या जॉर्जियात, आणि त्याच्याशी बरोबरी करणारा दुसरा २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात. जपानमध्येही तो मूळचा नाही. १९२५ साली अमेरिकेतून आणून तिथल्या एका तळ्यात सोडला, मग तो पसरला आणि तिथल्या लहान माशांच्या मुळावर उठला. २००५ पासून जपानच्या कायद्यानं त्याची जिवंत ने-आण आणि दुसऱ्या पाण्यात सोडणं बंद आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण "पिल्लं मागवून आमच्या शेततळ्यात सोडू का?" असं विचारणारी मंडळी मला भेटली आहेत. कृपा करून नको. शेततळं पावसात भरून वाहिलं की पिल्लं ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातात.

आता चांगली बातमी. बाससाठी बनवलेलं सामान ज्या माशाला हुबेहूब लागू पडतं तो आपल्या दारात आहे: मरळ. दोघांची शिकारीची तऱ्हा एकच. गवताच्या, कमळाच्या पानांच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि पाण्यावरून बेडूक, उंदराचं पिल्लू किंवा लहान मासा गेला की खालून झडप घालायची. बळ्ळारी नाल्याच्या काठची भाताची रानं, खानापूरकडची गावतळी, हिडकल धरणाच्या फुगवट्यातले गवताळ काठ, चिकोडी-निपाणी पट्ट्यातले नदीचे संथ डोह, ही सगळी मरळीची ठिकाणं.

आणि खराखुरा 'बास' म्हणायचाच असेल तर घाट उतरावा लागेल. खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई गोव्यात मांडवी होते, आणि तिच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात जो चोणक मिळतो त्यालाच इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. कारवारला काळी नदीच्या मुखाशीही तो आहे. कुळ वेगळं, तरी ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषावर, असा तुटून पडतो की हात थरथरतो. पण त्याला भारी रॉड लागतो, त्यामुळे ते पुढच्या वर्षी. आधी मरळ.

बेटकास्टर की स्पिनिंग? स्पिनिंग. मी सुरुवातीला बेटकास्टर घेतला होता. दुकानदारानं स्वस्तातला गळ्यात मारला आणि "व्हिडिओवाले हाच वापरतात" म्हणाला. बेटकास्टरचं चाक फेकताना स्वतः फिरतं. ल्युअर हवेत मंदावला आणि चाक त्याच वेगानं फिरत राहिलं की दोऱ्याचं घरटं होतं. चाक कुठे दाबायचं हे अंगठ्याला कळायला महिने लागतात, आणि स्वस्त चाक दहा-बारा ग्रॅमच्या ल्युअरला नीट सुटतच नाही. हिडकलच्या काठावर पहिल्याच सकाळी मी उन्हं वर येईपर्यंत गुंता सोडवत बसलो होतो, आणि समोर दोन हातांवर मरळी वर येऊन हवा घेऊन जात होत्या. स्पिनिंग रीलचं चाक फेकताना स्थिर असतं, दोरा नुसता वेटोळ्यांनी सुटतो. नवशिक्याला ते पहिल्या दिवशी जमतं.

रॉड घेताना ब्रँड नंतर बघा. आधी मुठीच्या वर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. तिथे दोन आकडे असतात: ल्युअरचं वजन आणि लाइनची ताकद. तुम्हाला हवा साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम-हेवी (म्हणजे जरा कडक), ल्युअर ७ ते २८ ग्रॅमचा. मरळीसाठी रबरी बेडूक वापरायचा, तो साधारण दहा ते पंधरा ग्रॅमचा, म्हणजे या टप्प्यात आरामात बसतो. रॉड दोन तुकड्यांचा घ्या, एसटीत आणि मोटारसायकलवर नेता येतो. दुकानात शेंडा छताला टेकवून वाकवू नका, पुष्कळ रॉड तिथेच मरतात. दोरा कड्यांतून ओवायला सांगा आणि कुणाला तरी हळू ओढायला लावा. वाक शेंड्यापासून निम्म्यापर्यंत गोल यायला हवा. प्रत्येक कड्यात कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर आतली चकती तडकलेली आहे, ती दोरा कापणार.

रील ३००० साइजचा पुरे. बेअरिंग किती आहेत या जाहिरातीला भुलू नका. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा किती ताणाला सुटायचा ते ठरवणारा रीलचा ब्रेक, घट्ट करून, सैल करून बघा. दोरा ओढल्यावर तो झटके न देता सारखा सुटला पाहिजे. बाकी सगळं त्यापुढे दुय्यम.

पैसे कुठे घालावेत यावर माझं मत जरा ठाम आहे. रॉड आणि रील मिळून साडेतीन हजारांत बसवा आणि हजारभर रुपये फक्त लाइनवर घाला. लोक उलटं करतात: पाच हजारांचा सेट घेतात आणि त्यावर दुकानात वर्षभर उन्हात लटकलेली नायलॉन दोरी भरतात. मासा आणि तुमच्यामध्ये शेवटी दोराच असतो. तीस पौंडांची ब्रेडेड लाइन घ्या, शंभर ते दीडशे मीटर. ती विणलेली असते, ताणली जात नाही, त्यामुळे चाळीस हातांवर झालेली धडक थेट मनगटात कळते, आणि गवतात रुतलेली मरळ ओढून काढता येते. मात्र ती गुळगुळीत असते, नुसती गुंडाळली तर चाकावर अख्खी घसरते आणि हँडल फिरवूनही काही होत नाही. खाली आधी आठ-दहा मीटर साधी नायलॉन भरा, तिला ब्रेड जोडा. भरताना दोरा ओल्या फडक्यातून ताणून घ्या आणि चाकाच्या काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरली की वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटतात.

ड्रॅग अंदाजानं लावू नका. घरात बॅग तोलायचा हुकाचा वजनकाटा असतो ना, त्याला दोरा बांधा, रॉड धरून ओढा आणि काटा तीन-साडेतीन किलोवर आला की दोरा सुटायला लागेल इतकं बटण फिरवा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्या पाव हिश्शावर ड्रॅग. तो पूर्ण आवळला तर दोरा टिकतो आणि रॉड मोडतो.

ल्युअरमध्ये तीनच घ्या: दोन पोकळ रबरी बेडूक आणि एक स्पिनरबेट. बेडकाचे दोन्ही गळ वर पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो कमळाच्या पानांवरून, जलपर्णीवरून न अडकता सरकतो. स्पिनरबेट गवत नसलेल्या, मातकट पाण्यासाठी, तिथे त्याची पितळी पाती फिरताना जी थरथर होते ती माशाला जाणवते. तीन-तीन काट्यांचे गळ लावलेले क्रँकबेट, म्हणजे ओढल्यावर पाण्यात बुडी मारणारे नकली मासे, पहिल्या वर्षी नकोत. आपल्या नद्यांच्या तळाला दगड, झाडोरा आणि जुनी जाळी आहेत, एका सकाळी दोन-तीन जातील. उरलेल्या पैशांत लांब तोंडाची पक्कड आणि चिमटा घ्या. मरळीच्या तोंडात दात आहेत, बोट घालून गळ काढायला जाऊ नका.

रोहू-कटला हवे असतील तर हे सगळं निरुपयोगी. त्यांना शेंगदाण्याची पेंड आणि कणीक लागते, तो वेगळाच खेळ.

गळ नवीन असला तरी तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढायचं. नखात रुतून थांबलं तर ठीक, घसरलं तर कानसेनं घासा. मरळीचा जबडा हाडाचा आहे, बोथट टोक त्यावरून निसटतं. उलटा काटा मी पकडीनं दाबून टाकतो. मासा सोडायला सोपं जातं, आणि गळ स्वतःच्या हातात घुसला तरी बाहेर निघतो.

गाठ एकच शिका, पालोमार. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी गाठ सैलच ठेवायची, पुढे आलेल्या फासातून अख्खा बेडूक काढायचा, मग थुंकीनं ओलं करून आवळायचं. कोरडी आवळली तर दोरा घासून कमजोर होतो. दर दहा-पंधरा फेकींनंतर शेवटचा हातभर दोरा दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. जिथे बोटाला केसासारखं खरखरीत लागेल तिथून कापा आणि पुन्हा बांधा. मार्कंडेयच्या एका डोहात मला ती खरखर लागली होती, "अजून एक फेक" म्हणून तसंच टाकलं, आणि त्याच फेकीला लागलेली मरळ दोरा तोडून तोंडात बेडूक घेऊन गेली. मासा गेल्याचं सोडा, तो गळ घेऊन ती किती दिवस फिरली असेल हे अजून मनातून जात नाही.

वापर असा. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळे थोड्या-थोड्या वेळानं वर येते. पाण्यावर बारीक 'पुक्' आवाज होतो आणि एक वर्तुळ उठतं. बेडूक त्या वर्तुळात टाकू नका, हात-दोन हात पलीकडे टाका आणि छोट्या झटक्यांनी त्या जागेवरून आणा. पानांमध्ये मोकळी फट आली की थांबवा, अगदी तीन-चार सेकंद. धडक झाली की लगेच ओढायचा मोह होतो, तिथेच नव्वद टक्के लोक मासा घालवतात. रॉड खाली करा, मनात एक-दोन म्हणा, सैल दोरा गुंडाळा, वजन जाणवलं की मग झटका. आणि त्यानंतर थांबू नका, तोंड वर ठेवून गवताबाहेर काढा.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा ताटाएवढा थवा उकळल्यासारखा हलताना दिसेल. खाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळून जे जाईल त्याला चावतात, म्हणून तिथे मरळ धरणं फार सोपं. तिथे टाकू नका. राखणदार उचलला की ती शेकडो पिल्लं इतर मासे आणि खंड्या संपवतात. आमचे मामा वेळूच्या काठीनं आयुष्यभर मासे धरत आले, पण असा थवा दिसला की काठी गुंडाळून दुसऱ्या काठाला जायचे.

जागेबद्दल. आपल्याकडची बरीच तळी आणि धरणांचं पाणी मासेमारीसाठी संस्थांना ठेक्यानं दिलेलं असतं, त्यावर भोई आणि अंबिगेर कुटुंबांचं पोट आहे. आधी विचारा. कन्नड पट्ट्यात "मीन हिडीबहुदेन्री?" एवढं म्हटलं, मासे धरले तर चालेल का, की बहुतेक वेळा लोक स्वतःच जागा दाखवतात. तिकडे गळाला 'गाळ'च म्हणतात, अडणार नाही. राकसकोप हे शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे नको. भीमगड अभयारण्य आणि धुपदाळचा पक्षी अभयारण्याचा भाग, तिथेही नको. बंद पडलेल्या दगडखाणींत काठ सरळ खोल उतरतो, एकट्यानं जाऊ नका. आणि हे फार महत्त्वाचं: रॉड कार्बनचा असतो, त्यातून वीज वाहते. आपल्या नदीकाठांवर पंपांच्या मोटरींच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात. फेकण्याआधी दर वेळी वर बघा, आणि ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून काठ सोडा. तुटलेला दोरा खिशात घालून घरी आणा, बगळ्यांच्या पायात तो अडकलेला मी स्वतः सोडवला आहे.

सामान आल्या आल्या पाण्यावर पळू नका. दोऱ्याच्या टोकाला बारा-पंधरा ग्रॅमचा लोखंडी नट बांधा, कापणी झालेल्या रानात वीस पावलांवर घमेलं ठेवा. बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, उघडा, दोरा तर्जनीवर धरा, रॉड डोक्यावरून पुढे आणताना डोळ्यांच्या रेषेत आला की बोट सोडा, आणि नट पडल्यावर बेल हातानंच मिटा, हँडल फिरवून नको, निम्मे गुंते तिथे होतात. रोज संध्याकाळी तीस फेकी. तीसपैकी वीस वेळा नट घमेल्याच्या हातभर अंतरात पडायला लागला की तो सोडा आणि बेडूक बांधा.