घरातले वायफाय : आधी तार पाहावी, मग भिंत

गेल्या अंकात आम्ही फायबरच्या घरगुती जोडणीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत ‘कोणता राउटर घेऊ’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे. या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या खोक्यावर मिळत नाही. घरात कोणती तार येते आणि घराच्या भिंती कशाच्या आहेत, यावर ते ठरते. म्हणून नेमकी माहिती कळवणारी पाच पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे अनेक वर्षे टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड होते. आता फायबर घेतले आहे. कंपनीच्या माणसाने भिंतीवर एक पांढरा डबा लावून दिला, पण आतल्या खोलीत वायफाय नीट मिळत नाही. दुकानदाराने ‘एडीएसएल वायरलेस मॉडेम राउटर’ असे छापलेला खोका दाखवला. तो घ्यावा का? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : घेऊ नये. तो खोका आपल्या जुन्या जोडणीसाठी आहे, नव्या जोडणीसाठी नाही.

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा ते घरोघरी आधीच पोहोचलेल्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून आले. त्या तारेवरचे संकेत संगणकाला कळतील अशा रूपात आणायचे काम मॉडेम करतो आणि आलेली जोडणी घरातल्या अनेक उपकरणांत वाटून देण्याचे काम राउटर करतो. ही दोन्ही कामे एकाच डब्यात आली, म्हणून ‘मॉडेम राउटर’ हे जोडनाव रूढ झाले. तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएल२+ या तंत्राची कमाल मर्यादा सेकंदाला २४ मेगाबिट होती आणि टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितके दूर, तितका वेग कमी मिळे. फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश येतो. त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे आपल्या भिंतीवरचा तो पांढरा डबा. त्याला ओएनटी म्हणतात. तो कंपनीच्या यंत्रणेत स्वतःच्या अनुक्रमांकाने नोंदलेला असतो, त्यामुळे बाजारातून दुसरा आणून परस्पर लावला तर तो सहसा चालत नाही. ओएनटी आपल्या मालकीचा आहे की अनामत घेऊन दिलेला, हे पावतीवर लिहून घ्यावे, कारण जोडणी बंद करताना वाद होतो तो याच मुद्द्यावर.

दुकानात ओळखण्याची खूण सोपी आहे. खोका उघडून मागची बाजू पाहावी. टेलिफोनची अरुंद पिन बसेल असे भोक असेल, तर ते यंत्र तांब्याच्या तारेसाठी आहे. आपल्याला ‘वॅन’ असे लिहिलेले, रुंद पिनचे भोक असलेला साधा राउटर हवा. ओएनटीपासून त्या भोकापर्यंत एक लॅन केबल आणायची, एवढीच जोडणी.

आता मांडणीतला महत्त्वाचा भाग. बहुतेक ओएनटी स्वतःच राउटरचेही काम करतात. त्यांच्या मागे दुसरा राउटर तसाच लावला, तर घरातल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारे दोन कारभारी एकामागोमाग एक उभे राहतात. साधे पाहणे-वाचणे चालते, पण बाहेरगावाहून घरचा कॅमेरा पाहणे किंवा काही ऑनलाइन खेळ अडखळतात. शिवाय दोन्ही यंत्रांचा कारखान्यातून ठरून आलेला पत्ता अनेकदा १९२.१६८.१.१ हाच असतो आणि मग काहीच धड चालत नाही. यावर दोन मार्ग आहेत. कंपनीला सांगून ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये घालून घ्यावा, म्हणजे तो राउटरचे काम सोडून जोडणी केवळ पुढे देतो, आणि आपले वापरकर्ता नाव व पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरावेत, किंवा ओएनटीला हात न लावता नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडावा. आपण दुसरा मार्ग धरावा, असे मी सुचवीन. त्यात पत्ते वाटण्याचे काम ओएनटीकडेच राहते, नवे यंत्र केवळ वायफाय पुरवते आणि उद्या काही बिघडले तर कंपनीचा माणूस ‘तुमच्या राउटरचा दोष’ म्हणून हात झटकू शकत नाही.

फायबरची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर दारामागे चेपली जाणार नाही आणि तिला तीक्ष्ण वळण पडणार नाही, एवढे पाहावे. ओएनटीवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग होत नाही. त्या वायरचे मोकळे टोक डोळ्यांसमोर धरून कधीही पाहू नये.

प्रश्न : आमचे घर जुने, चिऱ्याचे आहे. राउटर ओटीवर आहे. तेथे उत्तम चालते, माजघरात रडतखडत आणि स्वयंपाकघरात मुळीच नाही. आठ अँटेनांचा राउटर घेतला तर फरक पडेल का? मुलगी सुट्टीत घरून काम करते, तिची फार अडचण होते. — एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातला ‘चिरा’ हा शब्द वाचला आणि निम्मे उत्तर तेथेच मिळाले. माझे आजोळही चिऱ्याच्या घरातले आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे मी हाच प्रश्न सोडवत होतो. फोनवर सिग्नलची ताकद मोजणारे एक मोफत ॲप घेतले आणि ओटीपासून मागीलदारापर्यंत चालत गेलो. राउटरजवळ उणे ४० होते, पहिली भिंत ओलांडताच उणे ६३ आणि चुलीजवळ पोहोचेपर्यंत उणे ८२. हे आकडे डेसिबलचे असतात. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते आणि दर १० डेसिबलला दहावा हिस्सा उरतो. उणे ६५ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या पलीकडे जोडणी नावापुरती राहते. एका भिंतीने २३ डेसिबल खाल्ले होते, म्हणजे दोनशे भागांतला जेमतेम एक भाग पलीकडे पोहोचत होता. जांभ्याचा चिरा जाड असतो, सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. पाणी रेडिओलहरी शोषून घेते, त्यामुळे आषाढात ही भिंत आणखी भारी पडते.

आठ अँटेनांनी ही भिंत पातळ होणार नाही. प्रक्षेपणाच्या शक्तीला सरकारी नियमांची मर्यादा असते आणि पलीकडून उत्तर द्यायचे ते आपल्या हातातल्या लहानशा फोनने, त्याची ताकद तर राउटरहूनही कमी. म्हणून अँटेनांवर पैसे घालू नयेत.

पहिला उपाय बिनपैशाचा आहे. राउटर ओटीवरून काढून माजघराच्या दाराशी, पुरुषभर उंचीवर, शक्यतो दोन्हीकडे दार उघडे राहील अशा जागी न्यावा. लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड तो ठेवू नये. सरळ उभ्या अँटेनेच्या लहरी आडव्या पसरतात, त्यामुळे एका मजल्याच्या घरात अँटेना उभ्याच ठेवाव्यात. माडीवरही वायफाय हवे असेल, तर एखादी आडवी करून पाहावी. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे देत असेल, तर माजघरात २.४ चा पट्टा वापरावा. त्याचा वेग कमी असतो, पण भिंत ओलांडण्यात तो सरस ठरतो. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांकडे नसलेला निवडावा, कारण हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत.

तरीही स्वयंपाकघर कोरडे राहिले, तर केबल ओढावी. आजोळी अखेर आम्ही तेच केले. भिंत भेदायला लहरीपेक्षा तार बरी, हे मी अनुभवाने सांगतो. शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल काही पावसाळ्यांत दगा देते. विजेच्या वायरींच्याच पाइपातून ती नेऊ नये. घराबाहेरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची, बाहेरच्या वापरासाठी केलेली केबल घ्यावी आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी गळून पडते. दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट बसवून त्याला मूळ राउटरचेच नाव आणि पासवर्ड द्यावा. फोन चालता-चालता एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

दुकानात ‘रिपीटर’ किंवा ‘मेश’ सुचवतील. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पुरवणारी दोन-तीन यंत्रे. ती चांगली असतात, पण तीही आपसांत भिंतीतूनच बोलतात. विटांच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये ती शोभतात. चिऱ्याच्या घरात त्यांनाही मागून केबल दिली तरच घेतल्याचे समाधान मिळते. मुलीचे काम महत्त्वाचे असेल, तर तिच्या टेबलापर्यंतच केबल न्या आणि लॅपटॉप तिलाच जोडा.

प्रश्न : योजना २०० एमबीपीएसची आहे, पण कितीही वेळा मोजले तरी ९४ च्या पुढे आकडा जात नाही. कंपनी म्हणते, आमच्याकडून सर्व ठीक आहे. — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आकडा वरखाली न होता ९४ वरच अडत असेल, तर दोष बहुधा राउटरच्या भोकात किंवा केबलमध्ये आहे. अनेक स्वस्त राउटरांची भोके १०० मेगाबिटांची असतात आणि त्यांतून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच मिळतात. खोक्यावर ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. राउटर गिगाबिटचा असेल तर ओएनटीपासूनची केबल बदलावी. आठपैकी चारच तारा नीट जुळल्या असल्या तरी वेग १०० वर येतो. ‘एसी१२००’ हा आकडा पाहून फसू नये. तो दोन्ही पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगांची, म्हणजे ३०० आणि ८६७ यांची बेरीज करून वरच्या बाजूला फुगवलेला असतो.

प्रश्न : आमच्या इमारतीत एका विद्यार्थ्याने शेजारच्यांचे वायफाय त्यांना न विचारता वापरल्याचे उघडकीस आले. आमच्या राउटरला कंपनीने दिलेलाच पासवर्ड आहे. काय बदलावे? — एक गृहिणी, अकोला

उत्तर : दोन पासवर्ड बदलावे लागतील आणि लोक नेहमी एकच बदलतात. एक वायफायचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. दुसरा अनेकदा ‘ॲडमिन’ असाच राहिलेला असतो, त्यामुळे घरी आलेला कोणीही पाहुणा सगळी मांडणी बदलू शकतो. वायफायच्या सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ते निवडावे. जुने फोन जोडले जात नसतील तर ‘डब्ल्यूपीए२’ चालेल. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना पर्याय २००१ पासूनच असुरक्षित ठरलेला आहे. ‘डब्ल्यूपीएस’, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडण्याची सोय, बंद करावे. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी सुमारे ११ हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले होते.

पासवर्ड म्हणून फोन क्रमांक, मुलांची नावे किंवा जन्मवर्ष ठेवू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार घरगुती शब्द, उदाहरणार्थ विळी, आषाढ, रिक्षा आणि खडू यांसारखे, रोमन लिपीत जोडून लिहिले तर लक्षातही राहतात आणि लांबीही पुरते. अर्थात येथे छापलेले शब्द वापरू नयेत. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करावे. एक गोष्ट मात्र करू नये : पासवर्ड विसरला म्हणून ओएनटीमागचे ‘रीसेट’चे बारीक भोक टाचणीने दाबणे. त्याने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते आणि मग माणूस येईपर्यंत घर बिनइंटरनेटचे राहते.

प्रश्न : वीज गेली की इंटरनेट जाते. मुलांचे ऑनलाइन वर्ग बुडतात. इन्व्हर्टर घेणे परवडत नाही. — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे अडॅप्टरच्याच व्होल्टची वीज थेट देणारी बॅटरीची पेटी, घ्यावा. घेण्याआधी ओएनटी आणि राउटर या दोन्हींच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत. बहुतेकांवर १२ व्होल्ट असते, काहींवर ९ किंवा ५. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि यूपीएसचे अँपिअर दोन्ही यंत्रांच्या बेरजेइतके किंवा जास्त हवेत. पिनच्या मधल्या भागाला धन खूण आहे का, तेही दोन्हीकडे पडताळावे. दोन्ही यंत्रे मिळून १५ वॉट घेत असतील, तर ३० वॉट-तासांची बॅटरी दीड-पावणेदोन तास पुरते. केवळ राउटर यूपीएसवर ठेवून ओएनटी तसाच सोडला तर फोनवर वायफायची खूण दिसत राहील, पण वर्ग उघडणार नाही. गल्लीतल्या खांबावर कंपनीची विजेवर चालणारी पेटी असेल, तर वीज गेल्यावर तिला बॅटरीचा आधार मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे. तो नसेल तर घरातल्या यूपीएसवर खर्च करू नये.