वाचकांचे प्रश्न : गैरवर्तनाची तक्रार वेगळी, पैशांचा हिशेब वेगळा

प्रश्न : आमच्या फ्लॅटमधलं बाथरूम आणि ओट्यामागच्या टाइल्स यांचं काम एका ठेकेदाराला मजुरीवर दिलं होतं; माल आमचा. जुन्या टाइल्स फोडून राडारोडा उचलायचे ६,००० रुपये, वॉटरप्रूफिंगचे ९,००० आणि टाइल्स बसवायचे चौरस फुटाला ६० रुपये, असं व्हॉट्सअॅपवर ठरलं. ३५० चौरस फुटांचे २१,००० धरून एकूण ३६,०००. त्यातले २०,००० दिले. त्याचा एक कारागीर माझ्या १९ वर्षांच्या मुलीला अश्लील बोलला आणि हटकल्यावरही तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आम्ही त्याच दिवशी काम बंद केलं. ठेकेदार म्हणतो, ‘पोरगं आहे, सोडून द्या,’ आणि उरलेले १६,००० मागतो. माणसं घेऊन घरी येईन असंही म्हणाला. पैसे द्यायचे का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काम थांबवलंत ते योग्यच केलंत. पुरे १६,००० द्यायचे नाहीत, पण सगळेच अडवूनही धरायचे नाहीत. जेवढं काम नीट झालंय तेवढ्याची मजुरी लागू होते. कारागीर वाईट वागला म्हणून भिंतीवर बसलेल्या टाइल्सची किंमत शून्य होत नाही, आणि हिशेब चुकता केला म्हणून मुलीचा तक्रारीचा हक्कही संपत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

त्यासाठी एक पथ्य कडकपणे पाळा. ‘पैसे सोडा, नाहीतर पोलिसांत जाऊ’ असं बोलू नका, लिहू तर मुळीच नका. तो एक मेसेज पुढे ठेवून, मजुरी बुडवायला तक्रार रचली असं म्हणता येतं, आणि खरी तक्रार दुबळी होते. ‘मी पैसे सोडतो, तुम्ही तक्रार करू नका’ असं तिकडून आलं तरी मान्य करू नका; तो मेसेज मात्र जपून ठेवा.

आधी तक्रार. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा फिर्याद तिनेच दिलेली चांगली. शब्द, हावभाव किंवा खासगीपणात घुसखोरी करून स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैदेची. लैंगिक शेरेबाजी कलम ७५ मध्येही बसते. अशा प्रकरणात माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. पोलीस ठाण्यात ‘हा तर पैशांचा वाद’ म्हणून परत पाठवलं, तर तीच तक्रार लेखी करून टपालाने पोलीस आयुक्तालयात वरिष्ठांकडे पाठवा. (मुलगी १८ च्या आतली असती तर पोक्सो कायदा लागला असता.) फिर्यादीत कारागिराचे शब्द जसेच्या तसे लिहा, ‘गैरवर्तन केलं’ एवढ्याने भागत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण आजच सेक्रेटरींकडून घ्या. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. गेटच्या रजिस्टरचाही फोटो काढा. ठेकेदार खरंच माणसं घेऊन आला तर दार उघडू नका, ११२ लावा.

आता हिशेब. भिंतीच्या २४० चौरस फूट टाइल्स बसल्यात. फरशीचे ४५ आणि ओट्यामागचे ६५ चौरस फूट बाकी आहेत, असं तुमच्या फोटोंवरून आणि मोजमापावरून दिसतं. म्हणजे टाइल्सचे १४,४००, फोडकामाचे ६,०००, वॉटरप्रूफिंगचे ९,०००, मिळून २९,४००.

यातून दोष वजा करायचे. भिंतीवरच्या प्रत्येक टाइलवर नाण्याने किंवा लाकडी मुठीने ठोका. बोदा आवाज आला की मागे मसाला पोकळ आहे. चारी कोपरे न भरता मध्येच गोळा लावून टाइल दाबली की असं होतं. अशा टाइलवर खडूने खूण करून फोटो काढा. मग दुसऱ्या मिस्त्रीकडून तारीख घातलेलं लेखी दरपत्रक घ्या. समजा, पोकळ टाइल्स बदलणं आणि राहिलेलं ग्राउटिंग (टाइल्समधल्या फटी भरणं) यांचे ४,८००, पार्किंगमधला राडारोडा उचलायचे १,८००. हे ६,६०० गेले की उरतात २२,८००. तुम्ही २०,००० दिलेत, म्हणजे देणं २,८००.

इथे बहुतेकांची गफलत होते. फरशीचं न झालेलं काम आपण धरलेलंच नाही, मग नवा मिस्त्री त्याचे जे घेईल ते पुन्हा पूर्ण वजा करता येत नाही. तो ६० ऐवजी ७५ ने करणार असेल, तर वरचा १५ चा फरक तेवढा मागता येतो.

वॉटरप्रूफिंगची परीक्षा फरशी बसण्याआधीच घ्या, ही संधी पुन्हा नाही. नहाणी ट्रॅप घट्ट बंद करून दोन-तीन इंच पाणी साठवा, भिंतीवर पातळीची रेघ मारा आणि ४८ तास ठेवा. खालच्या घराचं छत आधी आणि नंतर, दोन्ही वेळा फोटोत घ्या. ओल आली तर ते ९,००० वादात जातील, आणि दुरुस्तीचं दरपत्रक येईपर्यंत २,८०० थांबवणं रास्त ठरेल. ओल नसेल तर पैसे ताबडतोब द्या. इतर मजुरांचा यात काही दोष नाही.

पैसे द्याल ते ठेकेदाराच्याच खात्यात, रोख नको. मजूर परस्पर मागायला आला तर ठेकेदाराची लेखी संमती घेतल्याशिवाय देऊ नका, नाहीतर दोनदा द्यावे लागतील. सोबत वरचा हिशेब स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्यात ‘गैरवर्तनाच्या तक्रारीशी या रकमेचा संबंध नाही’ हे वाक्य घाला. ठेकेदाराला मजुरीचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांत करता येतो. तोवर कागद सांभाळा. वॉटरप्रूफिंग पुढे गळलं तर तुम्हाला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत २ वर्षं, आणि कामापोटी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; तिथे स्त्रियांना मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : प्लंबर शिवीगाळ करून अर्धं काम टाकून गेला. त्याची ड्रिल मशीन आमच्याकडेच आहे. हिशेब होईपर्यंत ठेवून घ्यावी का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. ती त्याची रोजीरोटी आहे, आणि अडवून ठेवलीत तर उलट तुमच्यावरच तक्रार होईल. यादी करा, फोटो काढा, शेजाऱ्यांसमोर परत द्या आणि यादीवर सही घ्या. घराची किल्ली त्याच्याकडे होती का ते आठवा. असेल तर कुलूप बदला.

प्रश्न : अॅपवरून बोलावलेला इलेक्ट्रिशियन उद्धट वागला आणि ठरल्यापेक्षा जास्त रोख मागतोय. – एक वाचक, पंचवटी

उत्तर : अॅपबाहेर एक रुपयाही देऊ नका, कंपनी तो व्यवहार मानणार नाही. तक्रार अॅपमधल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.