आईंना झोप लागेल का? खोली कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. आई चौऱ्याहत्तरच्या, कानाला यंत्र, गोंगाट झाला की डोकं चढतं. बाबा लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून दाभोळच्या बोटीने गावी जायचे, आणि त्यांना एकदा तरी मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं आहे. खोली कुठली घ्यावी आणि गर्दी कशी टाळावी, हे तुम्ही विचारलं आहे. मी बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ प्रवासी जहाजांवर. आता हर्णैला घरी असतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळे विचारतात, इंजिनाचा आवाज येतो का? येतो, पण त्याची काळजी करू नका. तो सलग असतो, एका सुरात. पहिल्या रात्री तासाभरात कान त्याला सरावतो, आणि काहींना तर घरी आल्यावर त्याच्यावाचून चुकल्यासारखं होतं. झोप मोडते ती तुटक आवाजाने. डोक्यावर खुर्ची ओढली, शेजारचं दार आपटलं, ट्रॉलीचं चाक उंबऱ्यावरून गेलं की माणूस दचकून उठतो. जहाज सगळं पोलादाचं. पोलादातून आवाज जसा जातो तसा आपल्या चिऱ्याच्या भिंतीतून जात नाही.

निवृत्तीनंतर मी बायकोला घेऊन प्रवासी म्हणून गेलो. खोली कुठली ते कंपनी ठरवेल, या बोलीवर तिकीट स्वस्त मिळालं. खोली मिळाली ती पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली, म्हणजे त्या मजल्याच्या बरोबर खाली. रात्री एकपर्यंत वर गाणी, आणि पहाटे चारला डेक धुणं आणि खुर्च्या मांडणं सुरू. बायको दोन रात्री डोळ्याला डोळा न लागता पडून होती. ज्याने आयुष्य जहाजावर काढलं त्याने ही चूक करायला नको होती, याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही ती करू नका. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण खोलीचा नंबर तिकीट काढतानाच ठरवून घ्या.

नंबर ठरवण्याआधी जहाजाचा डेकवार नकाशा मागवा. आपली खोली असलेल्या डेकच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही डेकवर नुसत्या खोल्याच हव्यात. वर तलाव, जेवणघर किंवा स्वयंपाकघर नको. खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा हॉल नको. लांबीच्या दृष्टीने मध्यभाग घ्या. तिथे हेलकावा कमी, म्हणजे आईंना बोट लागण्याची भीतीही कमी. मात्र लिफ्टच्या अगदी समोरची खोली टाळा, चार-पाच दारं सोडून घ्या. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असतं, त्याच्या फटीतून शेजारच्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. तुम्ही स्वतः पलीकडे राहणार असाल तरच तसली खोली घ्या.

तळाकडची, पुढच्या टोकाची खोली स्वस्त असते, पण तिथे पुढच्या बाजूला आडवे पंखे असतात. धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवायला ते फिरवतात. गोव्याला मुरगाव बंदरात जहाज बहुधा सकाळी लागतं, तेव्हा त्या भागातलं अख्खं बिछानं थरथरतं. मागच्या टोकाला मुख्य पंख्यांची थरथर रात्रभर असते.

नियमांवर विसंबू नका. 1 जुलै 2014 पासून नव्या मोठ्या जहाजांवर खलाशांच्या खोलीत 55 डेसिबलची मर्यादा आहे. इंजिनाच्या जागेत ती 110 आहे. आमच्या पिढीचे कान गेल्यावर आलेला हा नियम फार मोलाचा आहे, पण तो काम करणाऱ्यांसाठी आहे. प्रवाशांच्या खोल्या त्यात धरलेल्या नाहीत.

आता गर्दी. जहाजाचं टनेज म्हणजे वजन नव्हे, आतली एकूण जागा. तिला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा कळते. मायामीहून सुटणारं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या: टनेज 248,663. खोलीत दोघे धरले तर प्रवासी 5,610, म्हणजे माणशी 44. पण वरची फळी उघडून मुलंबाळं झोपवली की प्रवासी 7,600 पर्यंत जातात आणि आकडा 33 वर येतो. जहाज तेच, गर्दी सव्वापटीहून जास्त. मुंबईच्या जहाजालाही हाच हिशेब लागतो. म्हणून दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी आणि शनिवार-रविवार सोडा. जानेवारीतला आठवड्यामधला प्रवास घ्या. समुद्रही तेव्हा बहुतेक शांत असतो.

आईंच्या यंत्राबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. भरल्या जेवणघरात ते यंत्र बशा, चमचे, शेजारच्या टेबलावरचं हसणं, सगळंच मोठं करतं. त्यामुळे जेवणाच्या वेळेच्या अगदी सुरुवातीला जा आणि भिंतीला पाठ येईल असं टेबल मागा. नाट्यगृहातला खेळ सुटला की पाऊण तास लिफ्टच्या वाट्याला जाऊ नका. गोव्याला सगळे उतरतात तेव्हा आईंना उतरायची हौस नसेल तर जहाजावरच थांबू द्या. रिकामा डेक तेवढाच वेळ मिळतो.

निघण्याच्या सुमारास धोक्याच्या भोंग्याचा सराव होतो: सात आखूड, एक लांब. फार कर्कश असतो. 2012 च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या प्रवासी जहाजाच्या अपघातानंतर तो निघण्याआधी किंवा निघताच घेण्याचा नियम झाला. तो चुकवू नका, पण आईंना आधी सांगून ठेवा आणि तेवढ्यापुरतं यंत्राचा आवाज कमी करा.

सोबत फोमचे कानबोळे न्या. कपाटातले रिकामे हँगर काढून खाली ठेवा, रात्री खणखणतात. भिंतीची फळी करकरत असेल तर फटीत घडी घातलेला कागद दाबून बसवा. आम्ही जहाजावर हेच करायचो.

बाबांसाठी खोली डाव्या बाजूची घ्या. गोव्याला जाताना किनारा त्याच हाताला असतो. त्यांची लहानपणची बोट बंदराबाहेर थांबायची आणि माणसांना पडावातून, म्हणजे होडीतून, उतरवायची. हे जहाज बरंच बाहेरून जातं, दाभोळ दिसेलच असं नाही. पण रात्री दीपगृहांचे दिवे दिसतात. परतताना किनारा उजवीकडे येतो, तेव्हा त्यांना वरच्या उघड्या डेकवर न्या. पहाटे पाचला तिथे कोणी नसतं.