‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट’ पाटीवर कुठे तोडावा?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्याची पाटी करणाऱ्यांनी विचारलं आहे: ‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट’ (म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ) एका ओळीत मावत नाही, तो कुठे तोडायचा? आणि म्हणायचा कसा?

आधी तो ‘ऱ्हा’ काढा. मूळ ग्रीक शब्दातल्या ‘र’ला हकार होता, म्हणून रोमन लिपीत आरनंतर एच येतो, इंग्रजीत तो मुका आहे. आपण मात्र गिऱ्हाइकातला ‘ऱ्ह’ खरोखर उच्चारतो, त्यामुळे लिहिला की वाचणारा म्हणणारच. ‘रायनो’ पुरे.

ओटो म्हणजे कान, रायनो नाक, लॅरिंग स्वरयंत्र (‘घसा’ हे आपलं ढोबळ भाषांतर). कागदावर अक्षरं 11, तोंडात 9: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-लॉ-जिस्ट. ‘राय’ आणि ‘जिस्ट’ एकेका झटक्यात जातात. मुख्य आघात ‘गॉ’वर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. कार्डिऑलॉजीत तो ‘ऑ’वर, लॅपरॉस्कोपीत ‘रॉ’वर, हिशेब तोच.

जीभ अडते ती लॅरिंगपाशी. इ आणि न यांची अदलाबदल होऊन लॅरिंक्सचं ‘लॅर्निक्स’ होतं, आणि पुढे ‘लॅर्निंगॉलॉजिस्ट’. दुसरी चूक ‘लॅरिंजॉलॉजिस्ट’. लॅरिंजायटिस (स्वरयंत्राचा दाह) कानावर असतो, त्यातला ‘ज’ इथे शिरतो. रोमन जी-पुढे आय, ई, वाय आले की बहुधा ज, ओ आला की ग.

सराव शेवटाकडून करा: जिस्ट, लॉजिस्ट, गॉलॉजिस्ट, रिंगॉलॉजिस्ट, दर वेळी मागे एकच अक्षर जोडत. सुरुवातीपासून म्हणायला गेलं की नेमकं ‘गॉ’पाशी अवसान गळतं.

आता पाटी. दोन ओळी असतील तर ‘ओटोरायनो-’ वर, ‘लॅरिंगॉलॉजिस्ट’ खाली. संयोगचिन्ह वरच्या ओळीच्या शेवटी, खालच्या ओळीच्या आरंभी नको. जागा अगदीच अरुंद असेल तर ‘ओटो-’, ‘रायनो-’, ‘लॅरिंगॉलॉजिस्ट’ अशा तीन. शेवटचा तुकडा मात्र फोडू नका: ‘गॉ’मधला ग लॅरिंगचा आणि स्वर दोन्ही तुकड्यांना सांधणारा, त्यामुळे तिथे अर्थाने स्वच्छ तोड मिळत नाही. ‘स्ट’ तर कधीच सुटा पाडू नये. आणि मोठ्या अक्षरांत ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ’ लिहा. पेशंट तेवढंच वाचतो. हा लांबलचक शब्द पदवीखाली बारीक टायपात शोभतो.