वाचकांचे प्रश्न : मूळ टेप म्हणायची कुठली?

प्रश्न : अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ (१९८२) म्हणजे घरी केलेली डेमो टेपच जशीच्या तशी अल्बम म्हणून आली, असं वाचतो. पण एक जण म्हणतो चार ट्रॅकचं यंत्र होतं, दुसरा म्हणतो साधा बूमबॉक्स (हातात घेऊन फिरायचा टेपरेकॉर्डर). खरं कुणाचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोघांचंही. रेकॉर्डिंग एका यंत्रावर झालं आणि मिक्सिंग दुसऱ्यावर. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथलं भाड्याचं घर, त्यातली बेडरूम, टीॲक १४४ हा पोर्टास्टुडिओ (एकाच कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे आवाजाचे चार वेगळे पट्टे, लिहिणारं यंत्र) आणि शूर एसएम५७ जातीचे दोन माईक, एवढाच संसार. आवाज आणि गिटार एकदमच, दोन ट्रॅकवर. उरलेल्या दोन ट्रॅकवर दुसरी गिटार, साथीचा आवाज, ग्लॉकनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), जिथे जे लागेल ते. मग हे चार ट्रॅक इकोप्लेक्समधून, म्हणजे टेपच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या जुन्या इकोच्या यंत्रातून काढून, पॅनासॉनिकच्या बूमबॉक्सवर स्टिरिओत उतरवले. तो बूमबॉक्सही आधी पाण्यात पडून आलेला.

अल्बम निघाला तो या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे मूळ टेपवरून उतरवलेल्या, कॅसेटवरून. स्प्रिंगस्टीन ती डबीशिवाय खिशात घेऊन फिरत होता. न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत हीच गाणी बँडसोबत करून पाहिली, पण कॅसेटवरची जान त्यात येईना. ‘माय फादर्स हाउस’ मात्र घरातच पण नंतर रेकॉर्ड झालं, आणि ‘बॉर्न इन द यूएसए’चं घरगुती रूप त्याच टेपवर असूनही १९९८च्या ‘ट्रॅक्स’ संचापर्यंत अडकून पडलं.

‘जशीच्या तशी’ हे गाण्यांपुरतं खरं. एलपीची तबकडी कापताना, म्हणजे तिच्यावर खोबण कोरताना, नाकी नऊ आले. कॅसेटच्या हेडचा कोन जरा चुकला की डाव्या-उजव्या चॅनेलची फेज जुळत नाही, म्हणजे दोन्हींच्या लहरी मागे-पुढे होतात. मग खोदणारी सुई आडवी हलायच्या ऐवजी वर-खाली हलते, खोबण उथळ होते आणि घरी ऐकताना सुई उडते. या टेपवर खरखरही भरपूर. शेवटी आवाजाची पातळी खाली ठेवून तबकडी कापली. जुनी एलपी बारीक आवाजात वाजते म्हणून ॲम्प्लिफायरला दोष देऊ नका.

प्रश्न : अमेरिकन गायक डॅनियल जॉन्स्टनच्या सुरुवातीच्या कॅसेटची मूळ प्रत कशी ओळखायची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा प्रश्न त्याच्या बाबतीत फसवा आहे. सॅन्योच्या ५९ डॉलरच्या मोनो बूमबॉक्सवर गाणाऱ्या या माणसाकडे प्रती काढायची सोयच नव्हती. कुणाला कॅसेट द्यायची तर तो सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. त्यामुळे दोन प्रतींत फरक सापडला म्हणून एक खोटी ठरत नाही.

प्रश्न : घरात १९८० च्या दशकातली, टीॲक १४४ वर रेकॉर्ड केलेली सी-६० कॅसेट सापडली. साध्या डेकवर ए बाजू संथ आणि घोगरी वाजते, बी बाजू उलटी. टेप बिघडली का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी धावते. दोन ट्रॅक जाताना, दोन येताना. १४४ दुप्पट वेगाने धावतो आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहितो. म्हणून तुमच्या डेकवर सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. याच हिशेबाने सी-६० वर (साध्या वेगाला बाजूला ३० मिनिटं) जेमतेम १५ मिनिटं मावतात. कुणी त्यावर अर्ध्या तासाचं चार-ट्रॅक काम असल्याचं सांगितलं, तर ते या यंत्रावरचं नव्हे.

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप पाहा. कोकणातल्या दमट हवेत गुंडाळ्याच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर वाजवू नका, बीजाणू डेकभर पसरतात. मधल्या पत्तीवरचा नमद्याचा तुकडा गळाला असेल तर वरच्या पट्टीचे सूर गायब होतात. अशा वेळी पाच स्क्रूंच्या चांगल्या कवचात टेप हलवावी. मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान तोडून टाका, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

डेकची हेड आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसा आणि डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, बंद ठेवा. १४४ वर डॉल्बी बी असते, पण निम्म्या वेगाला ती उघडली तर सगळा हिशेब चुकतो. ते काम वेग सुधारल्यावर सॉफ्टवेअरमध्ये करा. (नंतरच्या २४४ ला डीबीएक्स ही खरखर कमी करणारी वेगळी पद्धत आहे, तिथे डॉल्बी चालणार नाही.) दोन्ही बाजू ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) संगणकात घ्या. बी बाजूची फाइल उलटी करा. मग दोन्ही फाइलींचा सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ जाहीर करा, म्हणजे वेग आणि सूर दोन्ही दुप्पट होतील. आता चारही ट्रॅक मांडा. सुरुवात जुळली तरी चार मिनिटांत ते सरकलेले दिसतील, कारण डेक दोन फेऱ्यांत अगदी एकाच वेगाने चालत नाही. तालवाद्याचे ठोके धरून दर अर्ध्या मिनिटाला थोडं खेचावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. चार ट्रॅक एकदम वाचणारं, दुप्पट वेगाचं चालू यंत्र उसनं मिळालं तर हे सगळं वाचेल, फक्त त्याचा रबरी रोलर कडक झालेला नाही ना, हे आधी रिकाम्या कॅसेटवर पाहा.