रेषा वर कधी आली ते बघ

अगं, रॅटच्या मेंदूवर पसरत जाणाऱ्या, पेशींना गप्प करत सरकणाऱ्या लाटेचा (स्प्रेडिंग डिप्रेशनचा) तुझा ग्राफ काल रात्री मोबाईलवर झूम करकरून बघितला. खाली लिहिलंयस, "ऑक्सिजन कमी केला तरी लाटेच्या स्पीडमध्ये खास फरक नाही". बरं. पण स्पीडमध्ये काय एवढं, मिनिटाला ३ मिलिमीटरच्या आसपास ही लाट सरकते हे १९४४ मध्ये लेआंवने (आपल्या गोंयकारांना ओळखीचं वाटेल असं आडनाव, माणूस ब्राझीलचा) सशाच्या मेंदूवर दाखवलं तेव्हापासून माहीत आहे. तू बघायचं ते डीसीची (मेंदूवरच्या संथ बदलणाऱ्या व्होल्टेजची) रेषा खाली गेल्यावर परत वर कधी आली ते.

लाट येते तेव्हा पेशीबाहेरचं पोटॅशियम ३ मिलिमोलरवरून ३० च्या वर जातं, सोडियम आत घुसतं, पेशी फुगतात, आणि हा सगळा पसारा आवरायचा तो पेशीच्या आवरणातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाने, आणि पंप चालतो एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर, जे बनवायला ऑक्सिजन लागतो. आपल्याकडे पावसात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुंघुं करते आणि पाणी टाकीत चढत नाही ना, तसंच. धड ऑक्सिजन असेल तर रेषा मिनिटभरात वर येते, कमी असेल तर तशीच खाली पडून राहते.

त्यात रक्ताचं आणखी वाईट. ठणठणीत रॅटमध्ये लाटेबरोबर रक्तवाहिन्या उघडतात, प्रवाह वाढतो. ऑक्सिजन आणि बीपी दोन्ही पडलेले असले की उलट आकसतात, म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हाच पुरवठा कमी. मायग्रेनवाल्याच्या मेंदूतून हीच लाट जाते आणि तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो, पण स्ट्रोकमध्ये रक्त तुटलेल्या भागाच्या कडेला तीच लाट पेशी मारते.

माझ्या वेळी एका रॅटची रेषा पाच मिनिटं वर येईना. इलेक्ट्रोड गेला म्हणून मी तो डेटा फेकून दिला, आणि त्याचं बीपी केव्हाच झोपलं होतं हे बघितलंच नाही. अजून चुटपुट लागते.

भूल दिलेल्या रॅटचा ऑक्सिजन उतरवला की बीपी आपोआप उतरतं, त्यामुळे तुझ्या ग्राफात कोणाचा हात किती ते कळणार नाही. एका गटात बीपी धरून ठेव, दुसऱ्यात ऑक्सिजन नॉर्मल ठेवून फक्त बीपी उतरव, आणि ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) दरवेळी कर, कंटाळा करू नको.

शनिवारी लेसर डॉपलर (रक्तप्रवाहाची नोंद) आणि डीसी एकाच कागदावर घेऊन ये. पोदेर (पाववाला) येऊन गेला की लगेच ये, दुपारी आमच्याकडे लाईट जाते.