दारू सुटेल, पण रात्री निजायचं कुठे?

प्रश्न : धाकटा भाऊ दोन वर्षं पुणे स्टेशनजवळ फुटपाथवर राहतो. परवा म्हणाला, ‘दादा, सोडायचीय.’ घरी आणून आठ दिवस खोलीत कोंडलं, थेंबही दिला नाही, तर सुटेल का?

दादा, कोंडू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. यात माणसं दगावतात. त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या आणि शेवटची दारू कधी घेतली ते खरं सांगा. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व फारसं उरलेलं नसतं, तेव्हा ग्लुकोजच्या सलाईनआधी ब-१ चं इंजेक्शन देणार का, हेही विचारा. आमच्या केंद्रात पहिले तीन दिवस चहा अर्धा ग्लासच देतात. हात इतके थरथरतात की भरलेला ग्लास अंगावर सांडतो आणि माणूस ओशाळतो.

खरा पेच पुढे आहे. रुग्णालयातून सोडल्यावर तो जाणार कुठे? स्टेशनवर तेच सोबती, तीच थंडी, आणि थंडी घालवायला तीच क्वार्टर. ‘आधी सोड, मग घरात घेतो,’ असं बहुतेक घरांत म्हणतात. वर्षानुवर्षं सोसलेलं असतं, राग समजतो. तरीही माझं मत उलट आहे. छप्पर हे दारू सोडल्याचं बक्षीस नाही, ते उपचारातच धरायला हवं. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून आणि फिनलंडमध्ये २००८ पासून व्यसनमुक्तीची अट न घालता आधी घर देण्याचं धोरण राबवलं गेलं, आणि फिनलंडमधली बेघरांची संख्या खरोखर घटली. तुमच्या घरात जमत नसेल तर संकोच करू नका, महापालिकेच्या बेघर निवाऱ्याची चौकशी करा. २०२४ पर्यंत चाललेल्या केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाचा निकष एक लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांच्या सोयीचा होता. जागा नाही म्हणाले तर हा आकडा सांगून पुन्हा विचारा. रविवारी भेटायला मात्र जा.

प्रश्न : चार महिने सोबर आहे, निवाऱ्यात राहतो. आधार कार्ड हरवलंय. एका परमिट रूममध्ये वेटरचं काम मिळतंय. घेऊ का?

नको. पगार बुडेल, पण चार महिने वाचतील. रोज रात्री दुसऱ्याचे ग्लास भरायचे आणि स्वतः कोरडं राहायचं, इतकी परीक्षा कशाला? चहाची टपरी, मेस, हाउसकीपिंग, काहीही बघा. आधार सेवा केंद्रात जा, बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक शोधता येतो. मतदार यादीत नाव घालायलाही घर लागत नाही : तुम्ही जिथे झोपता तिथे अधिकारी रात्री येऊन खात्री करतात. कागद हातात आला की चालण्यात फरक पडतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

प्रश्न : नवऱ्याला न सांगता भाजीतून दारू सोडवायची गोळी देऊ का?

अजिबात नाही, ताई. त्या गोळीतलं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. ही गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

प्रश्न : सात महिन्यांनी पुतण्याच्या लग्नात प्यायलो. आता मीटिंगला तोंड कसं दाखवू?

तसंच जा, दाढी न करता गेलात तरी चालेल. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगला फी नसते, पत्ता विचारत नाहीत, आडनावही लागत नाही. ‘स्लिप झाली’ एवढंच म्हणा. त्या खोलीतल्या अनेकांनी हे दोन शब्द कधी ना कधी उच्चारलेले असतात. ते सात महिने तुमचेच आहेत, कुणी काढून घेतलेले नाहीत. लग्नात नेमकं काय घडलं ते मात्र उलगडून बघा : उपाशी होतात, की कुणी चारचौघांत जुनं काही काढलं? त्यानंतर रोज घेत असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री क्रमांक आजच लावा.